केसरी शहाणा झाला होता

आमच्या केसरीला दहावं लागलं आणि तो शहाणा झाला. म्हणजे घरात आम्ही सगळे तसं म्हणायला लागलो. आधी हे कुत्रं म्हणजे काय सांगायचं, सकाळी सहा-चाळीसला गवळी मामांची एम-एटी गाडी गल्लीच्या तोंडाला वाजली की हा फाटकावर दोन पाय टाकून उभा, उन्हाळ्यात गच्चीवर आईनं वाळत घातलेल्या कुरडया पळवणार, सोफ्यावर बसू नको म्हटलं की मुद्दाम सोफ्यावरच, आणि फिरायला नेलं तर कोण कुणाला फिरवतंय ते बघणाऱ्याला कळू नये. मग हळूहळू हे सगळं बंद झालं. एम-एटी आली तरी जागेवरनंच नुसती मान वर करायचा. कुरडया सुरक्षित, सोफा मोकळा. फिरायला गेलं की शेजारनं शिस्तीत चालायचा, परत येताना तर दोन पावलं मागंच. पाहुणे आले की आई कौतुकानं सांगायची, 'लय गुणी झालाय आता, काय म्हणजे काय त्रास नाही.'

मीपण सांगायचो. आता आठवलं की कसंतरीच होतं.

केसरी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. आई लॅब्रेडॉर, बाप आमच्या कसबा बावड्यातलाच कुणीतरी अज्ञात पराक्रमी, रंग पिवळा-केशरी, आणि वडील कुस्तीचे वेडे. हे पिल्लू घरी आल्या दिवशी त्यांच्या चपलेशी असं झोंबलं की वडील म्हणाले हा हिंदकेसरी होणार, झालं, नाव पडलं. वडील स्वतः तरुणपणी तालमीत जायचे. तालमीतल्या माणसांचं एक असतं, दुखलं तर सांगायचं नाही. बोट निखळलं, कान मोडला, माती लावायची आणि परत उभं राहायचं. गावाला त्याचं कौतुक आहे, मलाही आहे, पण आमच्या घरात त्यामुळं असं झालं की जो कण्हत नाही त्याला काही झालेलं नाही असा नियमच होऊन बसला. केसरी कधी कण्हला नाही. एकदाही नाही.

आणि मी कोण, तर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला. बाहेरनं गुळगुळीत दिसणाऱ्या कास्टिंगच्या आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, कुठं लपलाय ते हुडकायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. हे आपलं सांगून ठेवतो.

तशा खुणा होत्या ओ. गेल्या गणपतीत विसर्जनाच्या रात्री डॉल्बी लागला तेव्हा केसरी कपाटामागं जाऊन बसला आणि थरथरायला लागला. कोल्हापुरातलं कुत्रं, नऊ गणपती बघितलेलं, त्याला आवाजाचं भ्या कधी नव्हतंच. आम्ही म्हटलं म्हातारपणी भित्रं झालं. हे मला नंतर कळलं की मोठ्या वयात अचानक आवाजाची भीती सुरू झाली तर आधी दुखणं हुडकावं लागतं. २०१८ साली ब्रिटन आणि ब्राझीलच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचा छोटासा अभ्यास केला होता, त्यात अंगात दुखणं असलेल्या कुत्र्यांची ही भीती सरासरी बरीच उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली दिसली. त्यांचा अंदाज असा की धडाम् वाजलं की जनावर दचकतं, अंग आखडतं, आखडलं की आधीच दुखणारा सांधा ठणकतो, आणि मग डोक्यात आवाज म्हणजे दुखणं अशी गाठ बसते. मला हे वाचून विसर्जनाची ती रात्र आठवली, आणि मी कपाटामागं मोबाइलचा टॉर्च मारून हसत व्हिडिओ काढला होता तेही आठवलं.

दुसरी खूण म्हणजे भाचीवर गुरगुरला. ती नेहमीसारखी त्याच्या कंबरेवर डोकं टाकून आडवी झाली आणि हा घशातल्या घशात गुर्र. सगळे त्याच्यावर ओरडले, मी तर फटका दिला. तिसरी म्हणजे लस द्यायला नेलं होतं तेव्हा मी सहज म्हटलं की जरा मंद झालाय, तर तिथल्या डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, वय झालं आता. मला बरंच वाटलं खरं सांगायचं तर. वयावर औषध नसतं, म्हणजे आपल्याला काही करायला नको.

मग आला पाडवा. आमच्याकडं दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात, बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. शिंगं रंगवलेली, अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, मोरपिसं, गोंडे, पायात चाळ, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली गाडी पुढं पळवली की त्या आवाजामागं म्हैस धावते, गर्दी शिट्ट्या मारते. गवळी मामांची थोरली म्हैस म्हणजे त्यातली हिरॉइन. त्या दिवशी मी केसरीला घेऊन बघायला गेलो तर मामा धाकटीला घेऊन निघालेले आणि थोरली गोठ्यापुढं नुसती उभी.

म्हटलं, 'मामा, मोठी का नाही काढली?'

'खूर दुखतंय तिचं. मागचा डावा.'

'पण ही तर उभीच आहे की व्यवस्थित.'

'उभीच हाय न्हवं. भार कुठं टाकलाय ते बघ की.'

मी बघितलं. मला म्हैस दिसली. चार पाय, एक शेपूट. मामा मग सांगायला लागले, आणि तो माणूस बोलायला लागला की एखादा इंजिनिअर ड्रॉइंग समजावून सांगतो तसं वाटतं. रवंथ कमी झालाय. गोठ्यात शिरताना ही पहिली असते, दोन दिवस शेवटी येती. कान हाताला गार लागला की एक, शेण बदललं की दुसरं, दुधाचं माप उतरलं की तिसरं. 'जनावर बोलायचं न्हाई आन आपण आयकायचं थांबायचं न्हाई,' असलं काहीतरी म्हणाले आणि मग त्यांची नजर केसरीवर गेली. तो माझ्या पायाशी बसला होता, एक मागचा पाय बाजूला फेकून, आम्ही ज्याला लाडानं 'साहेबांची बैठक' म्हणायचो तसा.

'ह्याच्या बी मांड्या उतरल्यात की रं,' मामा म्हणाले. 'छाती बघ, पैलवानागत झालीया. आन मागं कायबी न्हाई. सगळा भार म्होरं घेऊन चालतंय ते.'

मी वाकून हात लावला. दोन्ही मांड्या, वरच्या केसांखाली, नुसत्या हाडावर चामडी. रोज ज्याच्या डोक्यावरनं हात फिरवतो त्या कुत्र्याच्या मागच्या पायाला मी किती महिने हात लावला नव्हता कोण जाणे.

आता इथनं पुढं जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण हे करणारा मी एकटा नसणार. दिवाळीची सुट्टी, सगळे दवाखाने बंद असणार असं मीच ठरवलं, आणि वडिलांच्या गुडघ्याच्या डब्यातली आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची अर्धी अर्धी गोळी केसरीला पेढ्यातनं दिली. तीन दिवस. पहिल्या दिवशी मला तो बरा वाटला. दुसऱ्या दिवशी उलटी. तिसऱ्या दिवशी शी झाली ती डांबरासारखी काळी, चिकट. मला वाटलं पेढे बाधले. आईनं बघितलं आणि म्हणाली, 'हे रक्त हाय.' बरोबर होतं तिचं, पोटातनं रक्त गेलं की ते पचून काळं होऊन बाहेर येतं. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला जखमा करतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं, माणसाला जी मात्रा काहीच नाही ती त्याला महागात जाते. नशीब की तो दांडगा होता आणि गोळी अर्धी होती.

दुसरे दवाखाने उघडेच होते, फक्त फोन करायचा होता. डॉक्टर मॅडमनी आधी पोटाचं बघितलं, रक्त तपासलं, आणि दुखण्याची गोळी लगेच द्यायला चक्क नकार दिला. म्हणाल्या, तुमचं औषध अंगातनं जाऊ दे, पोट भरून येऊ दे, या जातीच्या दोन गोळ्या एकावर एक पडल्या तर कुत्रं हातचं जाईल. मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात एक गंमत झाली. इतके दिवस मागं मागं राहणारा केसरी तिथं असा चालला जसा काय खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड सुटलाय. शेपूट वर, लंगडणं नाही, काही नाही. मी ओशाळलो, म्हटलं मॅडमना वाटेल हा बाबा उगाच आलाय. त्या म्हणाल्या हे नेहमीचंच, नवी जागा, नवे वास, घाबरलेलं असतं, तेवढ्या वेळापुरतं दुखणं मागं पडतं. घरचे व्हिडिओ आणा. झोपेतनं उठताना, जिना चढताना, वळताना, बाजूनं आणि मागनं, आणि मोबाइलला स्लो मोशन असेल तर त्यात. मी आणले. सोळा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे, सकाळी उठतानाचा. पुढचे दोन पाय ताणून तो आधी छाती वर घेतो, मग थांबतो, मग मागचं धड ओढून आणल्यासारखं वर घेतो, आणि पहिली चार पावलं दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकतो. हे माझ्यासमोर रोज होत होतं. मी तेव्हा चहा पीत पेपर वाचत असायचो.

मॅडमचा प्रश्नही वेगळा होता. कुठं दुखतं असं त्यांनी विचारलंच नाही, त्यांनी विचारलं, 'तो काय काय करायचा थांबलाय?' आणि मी सांगत गेलो, फाटक, कुरडया, सोफा, गच्ची, दोर ओढणं, आणि सांगता सांगताच माझं मला कळत गेलं की ही आमची 'गुणी झालाय'वाली यादीच आहे, एकही नग कमी-जास्त नाही.

एक्स-रेत दोन्ही खुब्याचे सांधे खराब निघाले. जन्मापासनं वाटी उथळ, त्यात गोळा नीट बसत नाही, मग वर्षानुवर्षं घासून संधिवात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डमध्ये हे भरपूर असतं. त्यात वजन ३८ किलो, त्याला जबाबदार आम्ही, खारी, पाव आणि रविवारची हाडं.

मॅडमनी एक छापील फॉर्म दिला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला, अकरा प्रश्नांचा. गेल्या सात दिवसांत जास्तीत जास्त किती दुखलं, कमीत कमी किती, उठणं, चालणं, पळणं, जिना, आणि एकंदर आनंद यात दुखण्यानं किती खो घातला, शून्य ते दहा. म्हणाल्या घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळा भरा. वडिलांनी सगळीकडं दोन. 'पैलवानाला एवढं चालतंय.' मी पाच. आईनं सात, आठ, एका ठिकाणी नऊ. आम्ही दोघं तिला म्हणालो काहीतरीच काय. तर म्हणाली, 'मी बघतो की त्याला रात्री, तुम्ही दोघं घोरत असता तवा.' (आमच्याकडं बायकाही जातो-येतो-बघतोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) रात्री दोन-तीनला तो चार वेळा जागा बदलतो, थंडीतसुद्धा धापा टाकतो, पुढच्या पायाचं मनगट चाटत बसतो, हे सगळं तिला ठाऊक होतं. तिला वाटायचं उकडत असेल. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि स्वतःचा खांदा दुखतो म्हणून तीही तेव्हा जागीच असायची, हेही त्याच संध्याकाळी कळलं.

वडिलांचं म्हणणं होतं की कुत्र्याला काय आपल्यासारखं कळतंय व्हय. यावर मी बरंच वाचलं मग. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं केली, त्यातल्या टिपणात स्पष्ट आहे की बोलून सांगणं हा वेदना दाखवण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक, आणि सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना नाही असं होत नाही. मी हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'हे त्या गवळ्याला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.'

पोट बरं झाल्यावर औषध सुरू झालं ते मेलॉक्सिकॅम, कुत्र्यांचं पातळ, वजनावर मोजून, जेवणानंतरच, आणि आधी मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या करून. या औषधाची एक गोष्ट मला फार लागली. पूर्वी ढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास टोचायचे. टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. कारण २००४ साली सापडलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या म्हणून २०१५ साली माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसापुरतंच ठेवलं. आणि गिधाडांना चालतं असं सिद्ध झालेलं औषध कुठलं, तर हेच मेलॉक्सिकॅम. मी हे मामांना सांगितलं तर ते दुधाचं माप हातात धरून थांबले. त्यांच्या लहानपणी माळावर ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची म्हणे. 'आमाला वाटलं पाऊसपाण्यानं गेली आसतील.' मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मापाच्या वर थोडं दूध जास्त घातलं, कशासाठी ते मला कळलं नाही.

बाकी बदल म्हणजे घरातल्या वस्तूंचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही शहाबादी फरशी काढून चकचकीत व्हिट्रिफाइड बसवली होती, पाहुणे वाहवा करायचे, आणि त्या काचेवर हा रोज मागचे पाय फाकवत उभा राहत होता. आता हॉलभर योगा मॅट आणि पोत्यांच्या पट्ट्या आहेत, घराचं गोडाऊन झालंय. पट्टणकोडोलीच्या जत्रेतलं घोंगडं, जे आजोबांचं म्हणून कपाटात पूज्य होतं, ते आईनं स्वतः काढून गादीवर त्याला घातलं. नखं कापली, पंज्यातले केस कापले. गच्चीच्या जिन्याला फळी. रविवारी रंकाळ्याला तासभर पायपीट आणि सहा दिवस काही नाही हा प्रकार बंद, रोज तीनदा दहा-दहा मिनिटं. खारी बंद, यावर वडिलांशी खरं भांडण झालं. पण वजन नुसतं सहा-साडेसहा टक्के उतरलं तरी कुत्र्याचं लंगडणं कमी होतं असं एका अभ्यासात दिसलंय, आणि आमचा ३८ वरनं ३३ वर आला. औषधाइतकाच फरक त्यानं पडला असेल, असं मला वाटतं. थंडीत दुखण्याचा जोर वाढला तेव्हा मॅडमनी गॅबापेंटिन हे दुखण्यावरचं आणखी एक औषध जोडलं, आणि बजावलं की माणसांच्या पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विष.

या सगळ्याचा एक परिणाम म्हणजे मी आता जिथं जाईन तिथं लोकांची जनावरं निरखायला लागलोय, हे जरा अतीच होतं. राजारामपुरीत बहिणीकडं गेलो तर तिची मनी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली, पाठीवरचे केस गुंतलेले. भावजी म्हणाले बघ कशी घुरघुरतेय, मजेत आहे. पण मांजरं दुखतानाही घुरघुरतात. माँट्रिअल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरनं दुखणं ओळखायची पट्टी काढली, त्यात पाच गोष्टी, कान बाहेर वळून चपटे झालेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाचा भाग ताठलाय का, मिशा सरळ ताणल्यात का, डोकं खांद्याच्या खाली गेलंय का. प्रत्येकी शून्य ते दोन, आणि दहापैकी चार झाले की औषधाचा विचार करायचा. मी तिथंच मोबाइलवर चित्रं लावून मोजलं तर सहा. बहीण म्हणाली तू जरा जास्तच करतोस. दुखणं दातांचं निघालं, दोन काढावे लागले. त्यानंतर म्हणे मनी रात्री पडद्यावर चढते. एकच गोष्ट मी तिला दहा वेळा सांगितली, मांजराला पॅरासिटामॉल अर्धंपण नाही, त्यांच्या यकृतात ते मोडायची सोयच नीट नाही, एका गोळीत जीव जातो. माझ्या अंगात अजून ते पेढे आहेत.

केसरी बरा झाला असं नाही. सांध्याला नवीन वाटी येत नाही. पावसाळी ढग आले की सकाळी उठायला त्याला वेळ लागतो, एखादा दिवस जेवणाकडं नुसतं बघतो, तेव्हा औषध न देता आधी फोन करायचा हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासतो. मॅडमनी त्याच्या आवडीच्या पाच गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्यात, रोज त्यातलं काय केलं ते टिपायचं, पाचातल्या तीन सलग बंद झाल्या की परत बोलू म्हणाल्या, काय बोलू ते मी विचारलं नाही. वही फ्रीजवर असते. बहुतेक नोंदी वडिलांच्या अक्षरात आहेत, खेळाच्या निकालासारख्या.

कुरडया आता गच्चीवर नेता येत नाहीत, म्हणजे नेता येतात, पण या उन्हाळ्यात आईनं ताट अंगणात तुळशीशेजारी ठेवलं, बरोबर केसरीच्या तोंडाच्या उंचीला. मी म्हटलं अगं जरा वर ठेव. म्हणाली, 'ऊन इथंच लागतंय.'

शनिवारची नोंद अशी आहे: फाटक, नाही. एम-एटी, भुंकला, बसूनच. चेंडू, दोनदा. भाची, चाटली. कुरडया, सात. आणि खाली आईच्या अक्षरात, अकरा.